पेटंट आणि तंत्रज्ञानाच्या वादांत लवाद व्हायचंय?

न्यायालयाबाहेर वाद ऐकून दोन्ही पक्षांना बांधणारा निर्णय, म्हणजे निवाडा, देतो तो लवाद. लवाद होण्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते, असं मला इंजिनिअरिंग आणि लॉ कॉलेजची मुलं नेहमी विचारतात. अशी परीक्षा नाही आणि सनदही नाही. लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने पात्रतेची एक लांबलचक अनुसूची आणली होती; २०२१ मध्ये तीही वगळली गेली. दोन्ही पक्षांना जो मान्य आहे, किंवा एखादी संस्था वा न्यायालय ज्याला नेमतं, तो लवाद. म्हणजे अडवणारं कोणी नाही, पण बोलावणारं कोणीतरी लागतं. ते बोलावणं का येतं आणि आल्यावर काय सांभाळायचं, हे मी इथे लिहिते आहे. माझी वाट पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतून पेटंट एजंटच्या (पेटंटचे अर्ज तयार करून पेटंट कार्यालयापुढे चालवणाऱ्याच्या) परीक्षेकडे, मग एलएलबीकडे आणि पुढे या कामाकडे अशी वळली.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करते. 'पेटंटचे वाद' म्हटलं की लोकांना एका कंपनीने दुसरीचा शोध चोरला, असं चित्र दिसतं. पण अनोळखी कंपन्यांमध्ये करारच नसतो, मग 'वाद लवादाकडे न्यायचा' असं कलम कुठून येणार? तो वाद बहुतेक न्यायालयातच जातो. आमच्याकडे येतात ते करारातून उगवलेले वाद. पेटंटचा परवाना दिला, पण रॉयल्टी कोणत्या विक्रीवर मोजायची? दोन कंपन्यांनी मिळून एक सेन्सर विकसित केला, त्यातल्या सुधारणांची मालकी कोणाची? सॉफ्टवेअर दिलं, पण ग्राहक म्हणतो चाचणीत उतरलं नाही, पैसे देणार नाही. सुरुवातीच्या काळात तर या तिसऱ्या प्रकारचंच काम जास्त मिळतं, आणि ते कमी प्रतीचं मानू नका. पुरावा कसा तपासायचा हे तिथेच शिकायला मिळतं.

लवादाची हद्द कुठे संपते, हे पाठ असायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या बूझ अॅलन निकालात साऱ्या जगाविरुद्ध चालणारे हक्क आणि दोन व्यक्तींमधले हक्क असा फरक मांडला; लवादापुढे सहसा दुसऱ्या प्रकारचेच वाद जातात. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इरॉस विरुद्ध टेलिमॅक्स प्रकरणात सांगितलं की करारातून आलेला कॉपीराइटभंगाचा वाद लवादापुढे चालू शकतो. २०२० च्या विद्या द्रोलिया निकालात मात्र पेटंट देणं हे सार्वभौम, म्हणजे सरकारनेच करायचं काम असल्यामुळे ते लवादाच्या कक्षेबाहेर ठेवलं गेलं. व्यवहारात याचा अर्थ असा की रॉयल्टी थकली का, हे मी ठरवू शकते; 'हे पेटंटच रद्द करा' ही मागणी माझ्यापुढे चालणार नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून कायद्यानेच पेटंटच्या वैधतेवरही लवाद नेमता येतो, पण त्याचा निवाडा फक्त त्या दोन पक्षांना बांधतो. सिंगापूर आणि हाँगकाँगनेही अलीकडे तसे कायदे केले. त्यामुळे करार वाचताना आर्बिट्रेशनची 'सीट', म्हणजे कोणत्या देशाचा लवाद-कायदा लागू हे ठरवणारं ठिकाण, कुठे आहे, ते मी सर्वात आधी बघते.

या क्षेत्राची ताकद समजून घ्यायची तर आयबीएम आणि फुजित्सू यांच्यातलं प्रकरण अभ्यासा. १९८० च्या दशकातला हा वाद आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टीमवरून होता. निर्णय देणाऱ्यांत रॉबर्ट मनुकिन हे कायद्याचे प्राध्यापक होते आणि जॉन जोन्स हे संगणक क्षेत्रातले अनुभवी अधिकारी. फुजित्सूने मिळून सुमारे ८३ कोटी डॉलर द्यावेत असं ठरलं. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्यांनी उभी केलेली व्यवस्था. एका सुरक्षित जागेत, ठरावीक लोकांनीच, देखरेखीखाली समोरच्याच्या प्रोग्रामची सामग्री बघायची आणि दोन प्रणाली जुळवण्यापुरती माहितीच बाहेर न्यायची. झालेल्या नुकसानीच्या हिशेबाबरोबर दोन्ही कंपन्यांचा पुढच्या कित्येक वर्षांचा व्यवहारही त्यांनी आखून दिला. कायदा जाणणारा आणि तंत्र जाणणारा शेजारी बसले की काय होऊ शकतं, ते यात दिसतं.

आता तंत्रज्ञ मंडळींसाठी सगळ्यात कळीची गोष्ट. तुमच्या ज्ञानामुळे तुमची नेमणूक होते, आणि त्याच ज्ञानामुळे निवाडा रद्द होऊ शकतो. सांगयोंग विरुद्ध राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण हा २०१९ चा निकाल नवख्यांनी शब्दन्‌शब्द वाचावा. तिथे बहुमताच्या निवाड्यात अशा सरकारी मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतला होता जी कोणी दाखलच केली नव्हती. त्यावर बाजू मांडायची संधी सांगयोंग कंपनीला मिळाली नाही, म्हणून निवाडा टिकला नाही. खटला रस्त्याच्या कंत्राटाचा होता, पण धोका आपल्यासारख्यांना अधिक आहे, कारण आपल्या डोक्यात न दाखल झालेली माहिती भरपूर असते.

माझ्यापुढच्या एका प्रकरणातलं सांगते. गोपनीयता कायद्यानेच बंधनकारक आहे, म्हणून तपशील बदलले आहेत. यंत्राच्या लॉगमध्ये मला एक विसंगती दिसली. वेळेच्या नोंदी पाहता बिघाड सॉफ्टवेअरमधूनच सुरू झाला असं उघड वाटत होतं, आणि दोन्ही तज्ज्ञांपैकी कोणीच त्याकडे बोट दाखवलं नव्हतं. मी तो प्रश्न लेखी दोन्ही बाजूंना पाठवला आणि उत्तराला मुदत दिली. उत्तरात कळलं की त्या नोंदी दोन वेगळ्या यंत्रांच्या घड्याळांवरून आलेल्या होत्या आणि घड्याळं जुळवलेलीच नव्हती. त्या एका पत्रामुळे निवाड्याची दिशा ठरली. मनात शंका आली की ती टेबलावर ठेवायची, दोघांना बोलू द्यायचं, मगच तिचा वापर करायचा. गरज पडली तर १९९६ च्या अधिनियमाच्या कलम २६ खाली लवादाला स्वतःचा तज्ज्ञ नेमता येतो. पक्षांनी मागणी केली तर त्यालाही उलटतपासणीला सामोरं जावं लागतं. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून एकाच मुद्द्यावर बोलतं करण्याची पद्धत मला फार उपयोगी वाटते. समोरासमोर बसले की त्यांचे खरे मतभेद दोन-तीन मुद्द्यांवर येऊन ठेपतात.

पहिल्या प्रक्रिया-आदेशावर, म्हणजे प्रकरण कसं चालेल हे ठरवणाऱ्या आदेशावर, वेळ खर्च करा. सोर्स कोड कोण बघणार, इंटरनेट नसलेल्या लॅपटॉपवर बघणार का, किती पानं छापता येतील, कंपनीच्या आतल्या माणसांना दाखवायचा की बाहेरच्या वकील-तज्ज्ञांनाच, हे तिथेच ठरलं नाही तर पुढचे कित्येक महिने त्याच भांडणात जातात. आणि घड्याळ चालूच असतं. देशांतर्गत प्रकरणात दोन्ही बाजूंची कैफियत पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा द्यायचा असतो, पक्षांच्या संमतीने आणखी ६. त्यापुढे न्यायालयात जावं लागतं.

पेटंट एजंट म्हणून काम केलेल्यांना हितसंबंधांची अडचण वकिलांपेक्षा लवकर येते. ज्या कंपनीचं स्पेसिफिकेशन (पेटंट अर्जातलं शोधाचं वर्णन) तुम्ही लिहिलं, तिच्या वादात तुम्ही बसणार कसे? कलम १२ खाली लेखी खुलासा द्यावा लागतो. पाचव्या अनुसूचीत शंका निर्माण करणाऱ्या गोष्टींची यादी आहे (मागच्या तीन वर्षांत त्याच पक्षाने दोन किंवा अधिक वेळा नेमलं असणं हीसुद्धा त्यात आहे), तर सातव्यातल्या गोष्टी असतील तर तुम्ही अपात्रच ठरता. म्हणून पहिल्या दिवसापासून अशिलांची नोंद ठेवा. संशय वाटला तर जास्त सांगा. नेमणूक हातची गेली तरी चालेल.

वाटचालीबद्दल थोडक्यात. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असेल तर पेटंट एजंटची परीक्षा द्या. क्लेम, म्हणजे पेटंटची हद्द ठरवणारी वाक्यं, वाचायची शिस्त तिथेच लागते. नागपूरची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था या विषयाचं प्रशिक्षण देते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क आहे. लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सच्या सदस्यत्वाच्या पायऱ्यांना परदेशी पक्षांमध्ये मान आहे. पण या सगळ्यापेक्षा मी एखाद्या ज्येष्ठ लवादाकडे ट्रिब्युनल सेक्रेटरी म्हणून काम करणं वरचं मानते. तारखा लावणं, कागद लावणं, मुद्द्यांचा तक्ता करणं ही कामं करताना सुनावणी आतून दिसते. निर्णय मात्र लवादाचाच असतो, त्यात सेक्रेटरीने हात घालायचा नाही.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या नमुना दरात ५ लाखांपर्यंतच्या वादाला ४५ हजार आणि कमाल ३० लाख रुपये फी आहे. फी पक्षांशी ठरवायची असते, एकतर्फी लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ओएनजीसी विरुद्ध अॅफकॉन्स प्रकरणात स्पष्ट केलं. सुरुवातीला वर्षाला मोजकी प्रकरणं येतात. घर चालायला वकिली, पेटंटचं काम किंवा सल्लागारी हाताशी हवीच. पस्तिशीच्या आत पूर्णवेळ लवाद होण्याचा बेत करू नका.

निवाडे गोपनीय असतात, मग शिकायचं कशावरून? निवाडा रद्द करण्याच्या अर्जांवरचे, म्हणजे कलम ३४ खालचे निकाल वाचा. निवाड्याला आव्हान दिलं की तो न्यायालयाच्या निकालात उलगडतो, आणि मुंबई आणि दिल्ली उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांवर हे निकाल फुकट मिळतात. त्यातलं एखादं तंत्रज्ञानाचं प्रकरण घ्या, फक्त वस्तुस्थिती आणि करारातली कलमं वाचा, पुढचं झाका. मुद्दे स्वतः काढा, कारणांसह दहा पानांचा निवाडा लिहा, मग न्यायालयाने काय म्हटलंय ते उघडा. माझ्याकडे काम मागायला येणाऱ्यांकडून मी बायोडेटाऐवजी असा एक लिहिलेला निवाडा मागते.