थंडीत व्हीलचेअरची गार रिंग: माझा उपाय

परभणीत जानेवारीत पारा 10 अंशाच्या खाली जातो तेव्हा सकाळी व्हीलचेअरच्या चाकाला हातानं ढकलायची जी स्टीलची रिंग असते ती धरवत नाही, त्यात दव पडलं की हात घसरतो. मी सायकलची जुनी ट्यूब लांब कापून रिंगवर घट्ट गुंडाळली, टोकं टेपनं बांधली, आता ग्रिप लई भारी बसते. फक्त उतारावर रबर तळव्याला घासतं, हातमोजे घालाच. गारठ्यात टायरचं प्रेशर उतरतं, हवा सकाळीच चेक करा.

आणि मणक्याच्या दुखापतीमुळं माझ्यासारखं पायाला काही कळत नसेल तर शेकोटीजवळ पाय नेऊच नका, अगदी कळकळीनं सांगतो, भाजलेलं समजत नाही अन् जखम लवकर भरत नाही. सैल लोकरी मोजे घाला, मांडीवर घोंगडी घ्या, टोक चाकात जाणार नाही असं खोचून.