पूर्ण भूल घेण्याआधी या चुका टाळा

पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा होते ती सर्जनची. भूलतज्ज्ञाचं नाव बहुतेकांना डिस्चार्ज होईपर्यंत माहीत नसतं. भूल म्हणजे एक इंजेक्शन, असा समज. खरं तर हा डॉक्टर शेवटच्या टाक्यापर्यंत उशाशी थांबून नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन बघत असतो. त्याच्यापासून काही लपवणं सगळ्यात महागात पडतं.

आणि लपवलं जातंच. मिश्री, तंबाखू, बिडी, रोजची दारू. तपासणीच्या वेळी शेजारी सासूबाई उभ्या असतील तर सून मिश्रीचं कशाला बोलेल? अशा वेळी "डॉक्टर, जरा एकटीशी बोलायचंय" एवढं म्हणावं. धूम्रपानाने श्वासनलिका चिडखोर होते, कफ वाढतो. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की ऑपरेशननंतर थरथर, भ्रम सुरू होऊ शकतो. आधी कळलं तर तयारी ठेवता येते. हलणारा दात, कवळी, घरात कुणाला पूर्वी भुलेचा त्रास झाला असेल तर तेही सांगा. औषधांची नावं आठवत बसू नका, चूर्ण-काढ्यांसकट अख्खी पिशवीच न्या. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे विचारूनच ठरवा. बीपीच्या बऱ्याच गोळ्या त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

दुसरी चूक 'उपाशीपोटी'ची. "जेवले नाही, फक्त चहा-बिस्किट घेतलं" हे उपाशी नव्हे. भुलेत ठसका लागून श्वासनलिका मोकळी करण्याची शरीराची सवय झोपी जाते. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात उतरू शकतं. साधारणपणे तेलकट जेवणानंतर 8 तास, हलक्या खाण्यानंतर किंवा दुधाच्या चहानंतर 6 तास, साध्या पाण्यानंतर 2 तास जावे लागतात. मधुमेह किंवा गरोदरपणात वेगळी सूचना मिळू शकते. चुकून खाल्लंच तर सांगून टाका, ऑपरेशन पुढे ढकललेलं परवडतं. उलट, दुपारच्या ऑपरेशनसाठी आजोबांना आदल्या रात्रीपासून पाण्याविना ठेवणंही बरं नाही. पाणी कधीपर्यंत चालेल, वेळ विचारून घ्या.

नेलपॉलिश काढा, बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र त्यामुळे चुकू शकतं. दागिने घरीच ठेवा.

जाग आल्यावर घसा खवखवणं, थंडी वाजणं, मळमळ, थोडा वेळ असंबद्ध बोलणं, हे अपेक्षितच. भुलेत श्वासासाठी घशातून नळी घातलेली असल्याने घसा एक-दोन दिवस दुखतो. नातेवाईक मात्र माया म्हणून लगेच पाणी पाजायला धावतात. नर्सने हो म्हटल्याशिवाय नको. दम लागला, ओठ निळसर दिसले किंवा लघवीच झाली नाही तर वाट न बघता नर्सला बोलवा. त्याच दिवशी घरी सोडलं तरी 24 तास गाडी चालवणं नको, बँकेच्या कागदांवर सह्याही नकोत. रात्री सोबतीला कुणीतरी हवंच.