मोदक फाँट वापरताना

गणेशोत्सवाचा बॅनर किंवा खाऊच्या स्टॉलचा फलक करताय? मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेला ‘मोदक’ हा देवनागरी फाँट जरूर वापरून पाहा. आधी हाताने रेखाटलेली ही गुबगुबीत अक्षरं गूगल फाँट्सवर मोफत मिळतात, छापील कामालाही चालतात. पण मोदक फक्त मथळ्यालाच, तोही दोन-चार शब्दांचा. अक्षरांच्या आतली मोकळी जागा इतकी बारीक आहे की लहान आकारात सगळं बुजतं. पत्ता, वेळ, फोन नंबर ‘मुक्ता’ या दुसऱ्या फाँटमध्ये ठेवा. दोन ओळींत अंतर वाढवा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांटीत अडकतात. गिरगावातल्या प्रिंटरकडे फाइल देताना अक्षरं आउटलाइन करूनच, म्हणजे त्यांचं आकृतीत रूपांतर करूनच द्या. त्याच्याकडे फाँट नसेल तर जोडाक्षरं हमखास तुटतात.