नवा मिक्सर बनवलाय? साचा टाकायच्या आधी तो खरंच कोणी घेणार का, हे असं तपासा

आमचा मिक्सर सुरू झाला तो चमच्याच्या दांड्यापासून. नागपूरच्या महाल भागात माझी मावशी राहते, ती सावजी मसाल्याचं वाटण काढून झालं की भांडं उलटं धरते, हाताने दोनदा ठोकते आणि मग चमच्याचा दांडा पात्याखाली घालून खरवडत बसते, तरी थोडा मसाला राहतोच आणि दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात मिल्कशेक केला की त्याला मिऱ्याचा वास. माझ्या मित्राचं हिंगणा एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, आम्ही दोघांनी मिळून पातं खालून फिरवून काढता येईल असं भांडं बनवलं, खालचा बेस रुंद केला म्हणजे चालू असताना हात दाबून धरावा लागू नये, आणि सॅम्पल तयार झाल्याबरोबर फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सगळ्या काकू, वहिन्या म्हणाल्या, छानच आहे हो, आम्हाला पण पाहिजे. आम्ही हवेत. मग दोन महिन्यांनी म्हटलं पाचशे रुपये टोकन द्या, नको वाटलं तर परत देऊ, तर बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या. कोणी खोटं बोललं नव्हतं बरं का, आमचा प्रश्नच चुकला होता. "घ्याल का?" ला हो म्हणायला माणसाचं काहीच जात नाही, आणि घरच्या पोराने बनवलेल्या वस्तूला नाही कोण म्हणणार.

तर तुम्ही मिक्सर, चिमणी, इंडक्शन, पुरणयंत्र काहीही नव्याने बनवत असाल तर आम्ही नंतर जे नीट केलं ते सगळं इथे लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी आम्हाला उशिरा कळली. फोटो कोणालाही दाखवायच्या आधी नोंदणीचा अर्ज टाका. डिझाइन अ‍ॅक्ट २००० प्रमाणे वस्तूचं रूप नवं आणि आधी उघड न झालेलं असलं तरच नोंदवता येतं, १० वर्षं संरक्षण मिळतं आणि पुढे ५ वर्षं वाढवता येतं. पण हा कायदा फक्त दिसण्यापुरता, पातं कसं निघतं ती युक्ती त्यात येत नाही, त्यासाठी पेटंटच पाहावं लागतं. तिथे प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज केला की पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात आणि तेवढ्या वेळात लोकांच्या घरी जाऊन तपासणी करता येते. नागपुरात तर राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, राजीव गांधींच्या नावाची, आपल्या गावात असून आपल्यालाच माहीत नसते. ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे उघड करणंच झालं, हे लक्षात ठेवा.

आता खरी तपासणी. पहिले दोन-तीन आठवडे काहीच दाखवू नका, फक्त लोकांच्या ओट्याजवळ उभे राहा आणि पाहा. ओळखीच्या ओळखीने घरं मिळतात, पण महालातला जुना वाडा, धरमपेठेतला फ्लॅट, मनीषनगरचा टू बीएचके आणि जरीपटक्यातलं एखादं हिंदी किंवा सिंधी बोलणारं घर असं मिसळून घ्या, कारण आपल्या गावात अर्धं बोलणं हिंदीत चालतं आणि सगळी घरं आपल्यासारखी नसतात. जायचं ते वाटण व्हायच्या वेळी. चहाच्या वेळी गेलात तर फक्त चहा मिळेल. भाजलेलं खोबरं आणि खसखस, जवसाची चटणी, बरबटीच्या म्हणजे चवळीच्या वड्यांची भिजवलेली डाळ, ठेचा, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि मिरचीचं हिरवं वाटण, या पाच गोष्टी मिक्सरला पाच तऱ्हेने छळतात. बघत असताना गप्प राहायचं आणि वहीत लिहायचं, किती वेळा थांबवून झाकण उघडलं, चमचा कितीदा घातला, पाणी किती टाकलं, हात कुठे होता, मोटर तापल्याचा वास आल्यावर काय केलं. एका घरी काकूंनी न सांगता मिक्सर आडवा केला आणि खालचं लाल बटन दाबलं, ते ओव्हरलोडचं बटन, म्हणजे मिक्सर बंद पडणं त्यांच्यासाठी इतकं रोजचं की त्याची तक्रारही उरलेली नाही. अशी गोष्ट कुठल्या फॉर्ममध्ये येत नाही.

बघून झाल्यावर विचारायचं, पण पुढचं विचारू नका, मागचं विचारा. हा मिक्सर कधी घेतला, कुठून, कितीला, सोबत कोण गेलं होतं, दुकानात आणखी कोणता पाहिला आणि तो का सोडला. शेवटचं बिघडलं तेव्हा काय झालं, दुरुस्त केला की नवा घेतला. जुना कुठे आहे. या जुन्याच्या प्रश्नावर निम्म्या घरांत माळ्यावरून एक मिक्सर निघतो आणि मग खऱ्या गोष्टी बाहेर येतात. आणि एक पक्कं बघा की वापरणारी कोण, निवडणारं कोण आणि पैसे देणारं कोण. आमच्याकडे बरेचदा वाटण सासूबाई करतात, मॉडेल सूनबाई मोबाईलवर शोधून ठेवते आणि दुकानात भाव भाऊसाहेब करतात, शिवाय लग्नात आहेर म्हणून आलेला मिक्सर तर तिघांपैकी कोणीच निवडलेला नसतो. पात्याखालच्या मसाल्याचं दुखणं फक्त पहिलीला माहीत असतं. दुसरी वॅट पाहते आणि तिसरा किंमत.

यानंतर जिथे जायचं ती जागा म्हणजे दुरुस्तीचं दुकान, आणि माझ्या मते सगळ्या सर्व्हेंपेक्षा ही जागा मोठी. सीताबर्डी, इतवारीच्या बाजूला मिक्सर, कुकर दुरुस्त करणारी छोटी दुकानं आहेत, तिथे दोन दुपारी बसा, चहा तुमच्याकडून. काय येऊन राहिलं ते मोजा. कपलर (मोटरचं फिरणं भांड्याच्या पात्याला देणारा जोड) घासलेला, कार्बन ब्रश संपलेले, भांड्याचं बुश गेल्याने खालून पाणी मोटरमध्ये उतरलेलं, वायसर ढिला. आम्ही ज्यांच्याकडे बसलो ते दादा म्हणाले, "मशीन कोणी नवीन घेत नाही भाऊ, मोटर जळली तरच घेते, नाही त लोक भांडंच बदलवते." या एका वाक्याने आमची दिशा फिरली. आम्ही पूर्ण मिक्सरची मागणी तपासत होतो आणि लोक पैसे भांड्यावर घालत होते, म्हणजे आमचं भांडं जर घरातल्या चालू मिक्सरवर बसलं तर निर्णय लहान होतो, तिघांना विचारावं लागत नाही, खर्चही कमी. अडचण एकच, प्रत्येक कंपनीचा कपलर आणि भांड्याची बैठक वेगळी, म्हणून कोणते मिक्सर घरांत जास्त आहेत हे पुन्हा वहीतून मोजावं लागलं. तुमच्या वस्तूतही असं होऊ शकतं की लोकांना अख्खी वस्तू नकोय, तिचा एक भाग हवाय, ते आधी कळलं तर खूप पैसे वाचतात.

मग सॅम्पल घरी ठेवायचं. पण त्याआधी सुरक्षेत काहीही ढिलाई नको, कारण हे लोक तुमच्या भरवशावर प्लग लावणार आहेत. थ्री पिन, अर्थिंग, झाकण नीट बसल्याशिवाय सुरू न होणारं लॉक, अन्नाला चालणारं रबर. आणि पातं फिरकीचं असेल तर आटे अशा बाजूने ठेवा की मोटर फिरताना ते आवळलं जाईल, उलटं ठेवलं तर चालता चालता सैल होईल, हा धोका मोठा आहे. घरगुती मिक्सरसाठी बीआयएसचं म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं आयएस ४२५० मानक आहे, ते आधीच मिळवून वाचा, नागपुरात त्यांचं शाखा कार्यालय आहे, विक्रीसाठी काय लागतं ते तिथेच विचारून घ्या. आणखी एक, उन्हाळ्यात पण ठेवून बघा. दुपारी गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतो, आणि २३० चा २०० झाला तर ढोबळ हिशेबाने मोटरचा जोर जवळपास पाव हिश्श्याने कमी होतो. डिसेंबरात मस्त चाललेला मिक्सर मे महिन्यात भिवापुरी मिरची घालताच अडकला तर त्या घरातून तुमचं नाव कायमचं गेलं.

सॅम्पल किमान दोन आठवडे ठेवा. पहिले तीन दिवस नवलाईचे असतात, ते धरूच नका. जुना मिक्सर उचलून नेऊ नका, दोन्ही तिथेच राहू द्या, आणि पंधरा दिवसांनी जा, न सांगता नाही, पण फोन आदल्या दिवशीच करा, आणि फक्त एवढं बघा की ओट्यावर कोणता आहे आणि आत कोणता गेला. तोंडाने कोणी काहीही सांगो, ओटा खरं सांगतो. मग म्हणा, बरं काकू, घेऊन जातो. इथे जी घाई दिसते तिच्यात उत्तर असतं. कोणी पिशवीसुद्धा शोधून देते. आणि एक वहिनी म्हणाल्या, "थांबा ना बापा, पोळ्याला पुरण वाटायचं आहे, त्यानंतर न्या." त्यांना आम्ही किमतीचं विचारलं आणि त्यांनी तिथेच पैशांचा डबा उघडला.

किमतीचं बोलणं शेवटी. व्हॅन वेस्टेनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये चार प्रश्नांची पद्धत मांडली, ती घरी विचारायला सोपी आहे. कितीला असेल तर इतकं स्वस्त वाटेल की मालावरच शंका येईल, कितीला असेल तर चांगला सौदा वाटेल, कितीला महाग वाटेल पण तरी विचार कराल, आणि कितीला नकोच म्हणाल. यातून पट्टा कळतो, पण हेही शेवटी बोलणंच आहे, म्हणून त्यातल्या दोन किमती उचला आणि एखाद्या ओळखीच्या दुकानदाराच्या काउंटरवर खऱ्या ठेवा. एका आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरी, वार तेच, जागा तीच, शेजारचे मिक्सर तेच. दिवाळीच्या आठवड्याचे आकडे वेगळे ठेवा, तेव्हा काहीही विकलं जातं, आणि कस्तुरचंद पार्कसारख्या ठिकाणच्या प्रदर्शनातले पण, कारण तिथे लोक खरेदीच्या मूडमध्येच येतात आणि डेमोसमोर गर्दी पाहून गर्दी होते. हिशेब करताना जीएसटी विसरू नका, मिक्सरला १८ टक्के, म्हणजे ३५०० एमआरपीला विकलेल्या मिक्सरमधले साधारण ५३४ रुपये तिथेच गेले, वर दुकानदाराचं मार्जिन. आणि दुकानदार तुमच्या वस्तूबद्दल गिऱ्हाइकाला काय सांगतो ते लांब उभं राहून ऐका, तो जर एका वाक्यात सांगू शकत नसेल तर डब्यावरचं लिहिणं बदला.

आवाजाचं पण मोजा, आमच्याकडे सकाळी सहाला डबा करणाऱ्या घरांनी हेच आधी विचारलं. मोबाईलचं अ‍ॅप खरा आकडा देत नाही, पण एकच फोन, तेच अंतर, तीच डाळ असली तर जुन्या-नव्याची तुलना होते. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज अर्धा वाटतो.

आता आकड्यांचं. ३० घरांत ठेवलं आणि ९ घरांनी पैसे दिले तर ३० टक्के मागणी म्हणून नाचू नका, एवढ्या लहान संख्येत खरा आकडा १७ ते ४८ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. १०० घरं केली तरी दहा टक्के इकडे-तिकडे राहतंच. आणि ही ३० घरं ओळखीची असतील तर तेवढंही धरता येत नाही, म्हणून नातेवाईक वेगळ्या पानावर, अनोळखी वेगळ्या पानावर लिहा आणि निर्णय अनोळखींवर घ्या.

टोकन घ्याल तेव्हा पावती द्या, परत करायची तारीख त्यावर लिहा, आणि नंबर कशासाठी घेताय ते सांगून परवानगी घ्या, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात हेच मागितलंय आणि तसंही ते बरोबरच आहे. माल देता येणार नाही हे कळलं तर त्याच आठवड्यात पैसे परत. मावशीच्या गल्लीत एकदा नाव खराब झालं की झालं.

आणि टोकन मागायच्या आधी, आधीच, कागदावर लिहून ठेवा की किती अनोळखी घरांनी पैसे दिले तर साचा टाकायचा आणि कितीच्या खाली थांबायचं. बॉडीच्या साच्याला लाखांत पैसे जातात, आणि निकाल आल्यावर मन प्रत्येक आकड्याला चांगला म्हणायला तयार असतं. आमचा कागद वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवलाय, दोघांच्या सह्या आणि तारीख आहे. मिक्सरचा आकडा त्या रेषेखाली राहिला, म्हणून बेसचा साचा आम्ही टाकला नाही. भांड्याचा वर गेला, तर आता दोन प्रकारच्या कपलरवर बसणारी भांडी घेऊन फिरतोय, आणि मे महिन्याची दुपारची तपासणी अजून बाकी आहे, ती झाल्याशिवाय एकही भांडं दुकानात ठेवणार नाही.