माल उतरला, आता वेलीकडं बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-कागवाड पट्ट्यात बहुतेक द्राक्षबागांचा माल उतरलाय. कुणाचा बाजारात गेला, कुणाचा बेदाण्याच्या रॅकवर सुकतोय. आणि नेमका याच वेळी ड्रिपचा कॉक बंद होतो. माल नाही तर पाणी कशाला, असं मीही एका वर्षी म्हटलं होतं. टँकर परवडेना म्हणून बाग महिनाभर कोरडी सोडली. पानं करपून गळाली. एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर एका ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) जोरात फूट, शेजारच्यावर डोळे मुके, फुटलेच नाहीत. ऑक्टोबरात छाटल्यावर निम्म्या काड्यांवर घडाऐवजी बाळ्याच (नुसते तणावे).

तोडणीनंतरचं हिरवं पान रिकामं बसत नाही. ते अन्न करून खोडात, ओलांड्यात, मुळांत साठवतं आणि छाटणीनंतरची नवी फूट सुरुवातीला त्याच साठ्यावर वाढते. म्हणून बागेला 15 ते 20 दिवस विसावा द्या, पण पाणी तोडू नका. वाफसा राहील, म्हणजे माती ओलसर राहील पण चिखल होणार नाही, इतकं पाणी आणि माती परीक्षण बघून ड्रिपमधून हलका डोस पुरे.

छाटणीआधी ड्रिपरखाली वीतभर माती उकरून बघा. पांढरी मुळी दिसली तर बाग तयार आहे. नुसती तपकिरी, चिमटीत साल सुटणारी मुळं असतील तर आणखी आठ दिवस थांबा. चर घेऊन शेणखत भरायचं तेही आत्ताच. सुटलेली साल काढा, तिच्याखाली पिठ्या ढेकूण दडलेला असतो. राहिलेले घड बागेत टाकू नका.

थांबा म्हटलं तरी मे उजाडू देऊ नका. छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. त्याला ऊन लागतं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात छाटलेली बाग हे काम बरंचसं मृगाच्या आसपास उरकते. उशिराची बाग ढगात सापडते. घड तयार होण्याच्या दिवसांत नत्र आणि पाणी आवरा, फुटींची विरळणी करा, सबकेन (शेंडा खुडल्यावर बगलेतून फुटणारी काडी) वेळेवर घ्या. गर्दीत सावलीला राहिलेली काडी जाड दिसली तरी वांझ निघते.

तेलसंगकडच्या कोरड्या भागात आहे ते पाणी पुरवायचं तर बोधावर (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर) उसाचं पाचट अंथरा. नदीकाठच्या पाहुण्यांकडं ते ढिगानं असतं, पेटवायच्या आत मागा.