कोकणात गाणी वर्गणीवर ऐकावीत की विकत घ्यावीत?

संगीताच्या ॲपची वर्गणी भरावी की सीडी आणि रेकॉर्ड विकत घ्याव्यात, हे ठरवण्यापूर्वी आपल्या वाडीत पावसाळ्यात नेट कितपत टिकते आणि घरात ओल किती येते, हे पाहावे. पैशांचा हिशेब त्यानंतर करावा.

वर्गणीतून मालकी मिळत नाही, ती भरत असेपर्यंत ऐकण्याची मुभा तेवढी मिळते, आणि सेवाच बंद पडली तर तीही संपते. विंक म्युझिक हे गाण्यांचे ॲप २०२४ मध्ये असेच बंद झाले. उतरवून घेतलेली गाणीसुद्धा त्याच ॲपमध्ये वाजतात, आणि स्पॉटिफायवर ती टिकवायची तर ३० दिवसांतून एकदा तरी नेट जोडावे लागते. ३२० केबीपीएस या वरच्या दर्जाने तासाभराच्या गाण्यांना सुमारे १४४ एमबी डेटा लागतो. कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्यांनी गाणी घरीच उतरवून घ्यावीत, कारण साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात नेटचा भरवसा धरता येत नाही.

चार दिवस ऐकून विसरायच्या चित्रपटगीतांसाठी वर्गणी पुरेशी आहे. जी मैफल वर्षानुवर्षे पुन्हा ऐकावीशी वाटेल, ती मात्र विकत घ्यावी. एलपीच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूवर साधारण २०-२२ मिनिटेच मावतात, तर सीडीवर ७४ ते ८० मिनिटे; त्यामुळे संथ लयीत बराच वेळ चालणारा विलंबित ख्याल ऐकणाऱ्याने, रेकॉर्डचा शौक कितीही असला तरी, सीडीच घ्यावी असे माझे मत आहे. दशावतार, जाखडी किंवा डबलबारी भजनांच्या जुन्या कॅसेट घरात असतील, तर त्या टाकून देण्यापूर्वी तेच ध्वनिमुद्रण ॲपवर आहे का, हे शोधावे. नसेल तर हातातली प्रत कदाचित शेवटचीच असेल.

खरे कष्ट सांभाळण्याचे आहेत. कौलांखालचा माळा आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट या दोन्ही जागा टाळाव्यात. रेकॉर्ड उभ्याच ठेवाव्यात, कारण आडव्या रचल्यास खालच्या वाकतात; त्यांची पुठ्ठ्याची वेष्टने ओल शोषून बुरशी धरतात, म्हणून त्यांवर प्लास्टिकचे बाह्य वेष्टन घालावे, पण पुठ्ठा ओलसर असताना ते बंद करू नये. सीडी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. सीडी पुसताना मऊ फडके मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती कॅसेट चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये लावू नये. त्याचा फीत वाचणारा हेड खराब होतो आणि बुरशी इतर कॅसेटांनाही लागते.

विकत घेतलेली सीडी संगणकावर फ्लॅक स्वरूपात उतरवून ठेवावी. त्यात आवाजाचा दर्जा घटत नाही आणि जागा मात्र साधारण निम्मीच लागते. या फायलींची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर असावी आणि दुसरी, गणपतीला आलेल्या घरच्या चाकरमान्याबरोबर, मुंबईला पाठवून द्यावी.