पानावर फोटो टाकताना या चुका टाळा

दिवाळी अंक, शाळेची स्मरणिका, पतसंस्थेचा अहवाल. जळगाव-धुळ्याच्या छापखान्यांत अशा कामांची गर्दी झाली की फाइल पाठवणाऱ्याला प्रेसमधून एक ठरलेला फोन जातो: “भाऊ, फोटो गायब व्हई ग्यात!” फोटो कुठेही गेलेले नसतात. ते पाठवणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर असतात आणि पेनड्राइव्हवर फक्त पानांची फाइल आलेली असते.

पान लावायचे सॉफ्टवेअर इनडिझाइन असो की जुना पेजमेकर, ‘प्लेस’ करून टाकलेला फोटो सहसा पानाच्या फाइलमध्ये साठवला जात नाही. तिथे फोटोचा पत्ता, म्हणजे लिंक, आणि पाहण्यापुरती एक हलकी प्रत, एवढेच राहते. मूळ फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला किंवा त्याचे नाव बदलले की लिंक तुटते. इनडिझाइनच्या लिंक्स पॅनलमध्ये तुटलेल्या लिंकपुढे लाल प्रश्नचिन्ह येते. मूळ फोटोत नंतर बदल झाला असेल तर पिवळा त्रिकोण. तरीही पडद्यावर फोटो दिसत राहतो, आणि फसगत होते ती इथेच. पीडीएफ करताना इशारा येतो, घाईत कोणीतरी ‘ओके’ दाबतो आणि छापून येते ती हलकी प्रत. चेहरे फाटलेले.

म्हणून पान लावायला बसण्याआधीच कामाचा एक फोल्डर करा आणि सगळे फोटो त्यात घ्या. पेनड्राइव्हवरून किंवा डाउनलोड्समधून थेट फोटो टाकू नका. प्रेसला पीडीएफऐवजी उघडी, म्हणजे इनडिझाइनचीच फाइल द्यायची असेल तर फाइल मेनूतले ‘पॅकेज’ वापरा. पानांची फाइल आणि लिंक केलेले फोटो त्यात एकत्र गोळा होतात. फॉन्टचेही बहुतेक जमते, तरी मराठी फॉन्ट आले का ते डोळ्यांनी पाहा.

नावांचा घोळ याहून वाईट. दोन कॅमेऱ्यांतून आलेल्या दोन फोटोंचे नाव एकच असू शकते. लिंक पुन्हा जोडताना सॉफ्टवेअर नाव बघते, माणूस बघत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातीत श्रद्धांजलीचा फोटो गेला तर काय होईल, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. फोटोला पान क्रमांक आणि विषय घालून नाव द्या.

आता रिझोल्यूशन, म्हणजे छापताना एका इंचात किती पिक्सेल (फोटोचे ठिपके) बसतात ते. “डीपीआय ३०० करून दिलाय” असे पार्टी, म्हणजे काम देणारा, ठामपणे सांगते, तेव्हा फोटोशॉपमध्ये आकडा बदलला आहे एवढेच समजावे. फोटोत मुळात पिक्सेल किती आहेत आणि तो पानावर किती मोठा लावला आहे, यावर सगळे ठरते. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० ने भागला तर सव्वापाच इंचांपर्यंत चांगला छापतो. तोच ए-४ पानाच्या पूर्ण रुंदीला ताणला की हिशोब १९० च्या आसपास येतो. आर्ट पेपरवर हे कमी पडते. वर्तमानपत्राच्या कागदावर १५० ते २०० मध्ये भागून जाते. लिंक्स पॅनलमध्ये ‘इफेक्टिव्ह पीपीआय’, म्हणजे पानावरच्या आकारात इंचाला पडणारे पिक्सेल, दिसतो, तोच आकडा धरा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो आकाराने लहान होतो आणि दाबलाही जातो; ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

फोटो वर्ड फाइलमध्ये चिकटवून पाठवणारे तर प्रत्येक संस्थेत असतात. तिथून कॉपी-पेस्ट करू नका. आलेली वर्ड फाइल नव्या प्रकारची (.docx) असेल तर तिची प्रत काढा, तिचे एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आतल्या ‘मीडिया’ फोल्डरमध्ये फोटो वेगवेगळे मिळतात. मात्र सेव्ह करताना वर्डने ते आधीच दाबलेले असू शकतात, म्हणून मूळ फोटो मागणे केव्हाही बरे.

रंगाची तक्रार आपल्याकडे दोन ठिकाणी हमखास येते. रावेर-यावलच्या केळीबागांचा हिरवा रंग मोबाइलवर झळाळतो, पण तो आरजीबीतला, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातला असतो. चार शाईंच्या छपाईत तितका भडक हिरवा मिळतच नाही. पार्टीला हे प्लेट निघाल्यावर कळण्यापेक्षा सीएमवायके प्रूफवर, म्हणजे त्या चार शाईंच्या रंगांत काढलेल्या नमुन्यावर, कळलेले चांगले. दुसरे जळगावचे सोने. दागिन्यांच्या फोटोत निळी शाई, म्हणजे सायन, थोडी जास्त झाली की सोने हिरवट, पितळेसारखे दिसते. पिवळ्या भागातला सायन तपासून कमी करा. नुसता पिवळा वाढवून उपयोग नाही.

क्यूआर कोड, सही, शिक्का आरजीबी जेपीजीत आला तर काळा रंग चार शाईंत विभागला जातो आणि प्लेट केसभर सरकली तरी कडा रंगीत दिसतात. क्यूआर कोड तर मोबाइलने वाचलाच जाणार नाही अशीही वेळ येते. हे फक्त काळ्या शाईत ठेवा. लोगो शक्यतो व्हेक्टरच, म्हणजे कितीही मोठा केला तरी न फाटणारा रेषांचा, मागा. कोरल ड्रॉमध्ये मराठी अक्षरे असतील तर कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह्ज करा, म्हणजे अक्षरांचे आकृतीत रूपांतर करा, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला तरी अक्षरांचा चुरा होत नाही. कर्व्ह्ज केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही; न केलेली प्रत जपून ठेवा.

सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा कापून रंगीत पार्श्वभूमीवर बसवला आणि मागे पांढरा चौकोन आला, तर फाइल जेपीजी आहे. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही. पीएसडी किंवा टिफ वापरा.

पानाच्या कडेपर्यंत जाणारा फोटो कटिंगच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर जाऊ द्या. आणि दोन पानांवर पसरलेल्या ग्रुप फोटोत शिलाईच्या जागी कोण बसले आहे ते आधी बघा; बहुतेक वेळा तिथे अध्यक्षच असतात.